ईव्ह माइल्स : आधी काय पाहावे, काय ऐकावे?

'हायजॅक' या २०२३च्या मालिकेत हवाई वाहतूक नियंत्रक अ‍ॅलिस सिंक्लेअरची भूमिका करणाऱ्या ईव्ह माइल्स अनेकांच्या लक्षात राहिल्या. त्यांचे आणखी काम पाहू इच्छिणाऱ्यापुढे मात्र एक पेच उभा राहतो. वेल्समधील अस्ट्रादगन्लाइस या गावी १९७८ साली जन्मलेल्या या अभिनेत्रीने दूरचित्रवाणी, रंगमंच आणि श्राव्यनाट्य अशा तिन्ही माध्यमांत काम केले आहे, आणि सुरुवात चुकीच्या ठिकाणी केली तर त्यांच्याविषयीचे मत अपुरे राहण्याची शक्यता आहे.

रंगमंचाचा विचार आधी उरकून घेऊ, कारण तिथे निवडीला फारसा वावच नाही. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या २००३च्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये त्यांनी लॅव्हिनिया साकारली आणि २००५ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'हेन्री द फोर्थ'मध्ये काम केले. लॅव्हिनियाची जीभ आणि हात नाटकात लवकरच छाटले जातात, त्यामुळे पुढचा सगळा भार संवादाविना, केवळ डोळ्यांनी आणि देहाने पेलावा लागतो. कारकिर्दीच्या आरंभीच अशी भूमिका वाट्याला आलेल्या नटीने पुढे नुसत्या आवाजावर उभ्या असलेल्या कितीतरी नाटकांत काम करावे, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. पण नाटक ज्याने त्या रात्री पाहिले त्याचेच असते. आज निर्णय घेणाऱ्याने हा पर्याय बाजूला ठेवलेला बरा.

खरी तुलना उरते ती 'टॉर्चवुड' आणि 'ईन बोरे मेर्खेर' या दोन मालिकांमध्ये, आणि श्राव्यनाट्यांचा प्रश्न पहिलीशी बांधलेला आहे. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या २००५मधील एका भागात माइल्स यांनी १८६९ सालच्या कार्डिफमधील मोलकरीण रंगवली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच विश्वातील, परग्रहवासीयांचा सामना करणाऱ्या गुप्त पथकाच्या 'टॉर्चवुड' या मालिकेत त्या ग्वेन कूपर ही पोलीस शिपाई म्हणून आल्या. चार पर्वे आणि एकूण ४१ भाग हा पसारा मोठा आहे आणि सरळ सांगायचे तर एकसारख्या दर्जाचा नाही. पहिल्या पर्वातले काही भाग आज बाळबोध वाटतात, तर अमेरिकी वाहिनीच्या भागीदारीत २०११ साली झालेले दहा भागांचे चौथे पर्व निष्कारण लांबले आहे. जुलै २००९मध्ये सलग पाच रात्री दाखवलेले तिसरे पर्व, 'चिल्ड्रन ऑफ अर्थ', मात्र घट्ट बांधणीचे आहे. पूर्वीचे काही न पाहताही ते बरेचसे समजते आणि ग्वेनचा हट्टी, घरगुती खरेपणा तिथे पूर्ण कसाला लागतो.

श्राव्यनाट्यांचा क्रम त्यानंतरच येतो. बीबीसी रेडिओ फोरवर १० सप्टेंबर २००८ रोजी, सर्न या युरोपीय भौतिकी प्रयोगशाळेतील महाकाय कणवेगवर्धक सुरू झाला त्याच दिवशी, 'टॉर्चवुड'चे 'लॉस्ट सोल्स' हे श्राव्यनाट्य प्रसारित झाले, आणि पुढच्या वर्षी आणखी तीन नाटके आली. त्यांपैकी 'गोल्डन एज' दिल्लीत घडते, म्हणून आपल्याकडच्या श्रोत्याला त्याचे कुतूहल वाटेल. परंतु माइल्स यांच्यासाठीच ऐकायचे असेल, तर बिग फिनिश या श्राव्यनाट्य कंपनीची २०१५ची 'फरगॉटन लाइव्ह्ज' आणि २०१६ची 'मोअर दॅन दिस' ही नाटके अधिक समाधान देतात. दुसऱ्या नाटकात ग्वेनला टॉर्चवुडच्या नव्या तळाच्या बांधकामासाठी नगर नियोजन खात्यातील अधिकाऱ्याची मंजुरी हवी असते, आणि परग्रहवासीयांच्या कथेत असा सरकारी खाक्या आणण्यातला विनोद माइल्स यांचा आवाज चोख पोहोचवतो. दक्षिण वेल्सच्या बोलीतला चढउतार चेहऱ्याशिवाय ऐकताना अधिक उठून दिसतो, हेही खरे. तरी ग्वेनला न ओळखणाऱ्याला हे सारे अर्धवट वाटेल, कारण तिचे आणि तिचा नवरा ऱ्हीसचे नाते माहीत आहे असे धरूनच ही नाटके लिहिलेली आहेत.

'ईन बोरे मेर्खेर'ला असे कोणतेही पूर्वज्ञान लागत नाही. नावाचा अर्थ 'एका बुधवारी सकाळी'. त्या सकाळी फेथ हॉवेल्स या वकील स्त्रीचा नवरा घरातून निघतो आणि नाहीसा होतो. पदरी तीन मुले आणि नवऱ्याने मागे ठेवलेली न उलगडणारी कोडी. (हा नवरा माइल्स यांचे प्रत्यक्षातील पती ब्रॅडली फ्रीगार्ड यांनी साकारला आहे.) कार्मार्थनशायरमधील लार्न परिसरात चित्रित झालेली ही मालिका वेल्श आणि इंग्रजी अशी दोनदा चित्रित करण्यात आली. प्रभातने १९३७ साली मराठीत 'कुंकू' आणि हिंदीत 'दुनिया न माने' केला, तीच ही जुनी रीत. वेल्श आवृत्ती नोव्हेंबर २०१७मध्ये एस फोर सी या वेल्श भाषेतील वाहिनीवर आली. 'कीपिंग फेथ' या नावाची इंग्रजी आवृत्ती २०१८च्या फेब्रुवारीत आधी केवळ वेल्सपुरती दाखवली गेली आणि बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर तिला मिळालेल्या प्रतिसादामुळे जुलैमध्ये संपूर्ण ब्रिटनभर दाखवावी लागली. माइल्स इंग्रजी बोलणाऱ्या घरात वाढल्या असून या भूमिकेसाठी त्यांनी वेल्श शिकून घेतली.

दोन आवृत्त्यांपैकी कोणती निवडावी? उपशीर्षके वाचण्याचा कंटाळा नसेल तर मी वेल्शच सुचवेन. इंग्रजीत माइल्स सहज, मोकळ्या आणि क्वचित जरा जास्तच भावुक होतात. नव्याने शिकलेल्या भाषेत मात्र प्रत्येक वाक्य जपून टाकलेल्या पावलासारखे येते, आणि पायाखालची जमीन सरकलेल्या फेथला तो सावधपणा शोभतो. तीन पर्वांपैकी पहिल्याचे आठ भाग सर्वांत सरस आहेत. तेवढे पाहून थांबले तरी चालेल, आणि त्यानंतरही ओढ वाटली तर 'चिल्ड्रन ऑफ अर्थ'कडे वळावे. हाती फक्त प्रवासातला तासभर असेल, तर ग्वेनची ओळख झाल्यावर 'फरगॉटन लाइव्ह्ज' कानाला लावावे.