किल्लीने अण्णांचा पाय हलवून दाखवला आणि आम्ही २ लाख ४५ हजार देऊन बसलो

ज्यांच्या घरात मणक्याला मार लागून कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. मणका बरा करतो म्हणून स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं विकून फसवणूक, ही नाशिकमधे आमच्याबरोबर झाली, आणि ज्या माणसाने केली तो अजूनही कुठल्यातरी हॉस्पिटलच्या बाहेर उभा असणार याची मला खात्री आहे.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, मागच्या वर्षी ऑक्टोबरमधे कांद्याच्या चाळीवरून पडले. गाव निफाड तालुक्यात. परतीचा पाऊस येणार म्हणून चाळीचा उडालेला पत्रा बसवायला स्वतःच वर चढले, वय ६१, गडी येईपर्यंत धीर नाही. बारा तेरा फुटावरून पाठीवर आपटले. पोरांनी हातपाय धरून उचललं आणि पिकअपमधे टाकून आणलं, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं की मणक्याला लागल्याचा संशय असेल तर माणसाला असं उचलायचं नसतं, १०८ ला फोन करून सरळ फळीवरच न्यायचं. नाशिकला एमआरआय झाला, डी ८ चा (पाठीतला आठवा) मणका फुटून मज्जारज्जू दाबला गेला होता. त्याच रात्री ऑपरेशन, स्क्रू आणि रॉड टाकले. दुसऱ्या दिवशी सर्जननी मला आणि धाकट्या भावाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की ऑपरेशन मणका पक्का करण्यासाठी आहे, आतली दोरी परत जोडण्यासाठी नाही. फाईलवर लिहिलं होतं 'एशिया ए', म्हणजे मज्जारज्जूची इजा किती ते सांगणारी श्रेणी, ए म्हणजे पूर्ण. बेंबीच्या थोडं वरपासून खाली काही कळत नाही, हलत नाही, शौचाच्या जागेलासुद्धा जाणीव नाही, म्हणून ए. आम्ही मान डोलावली. पण खरं सांगते, ते आत शिरलंच नाही आमच्या.

गावच्या घराला पायऱ्या, संडास लांब, म्हणून डिस्चार्जनंतर अण्णांना पाथर्डी फाट्याला माझ्याकडे आणलं, तळमजला आहे. आईपण आली. मग दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा अलार्म लावून. दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढायची, एक दिवसाआड पोट साफ करायचं, रोज आरसा धरून कंबर आणि टाचा बघायच्या की कुठे लाल झालंय का. ज्या माणसाने आयुष्यात आम्हाला कधी पाण्याचा ग्लास मागितला नाही त्याचं हे सगळं आता आई आणि मी करत होतो आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

डिसेंबरमधे एक दिवस आई अण्णांचे पाय पुसत होती आणि उजवा गुडघा एकदम वर आखडला. आई अशी ओरडली की शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं हालला गं! पाय हालला तुझ्या बापाचा!" तिने तिथल्या तिथे वणीच्या देवीला नवस बोलला. अण्णा त्या दिवशी पोटभर जेवले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बॅक्लोफेनची गोळी लिहून दिली, झटके कमी व्हायला, आणि हे अपेक्षितच आहे म्हणाले. आम्हाला त्याचा रागच आला तेव्हा, की बरं होतंय तर हे गोळ्या देऊन दाबतायत कशाला.

बरोबर त्याच आठवड्यात तो माणूस भेटला. भाऊ हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमधे कॅथेटर आणि डायपर घेत होता. मागून एकाने विचारलं, "मणक्याचा पेशंट का दादा? किती महिने झाले?" भावाने सांगितलं अडीच. तो म्हणाला मग वेळ गेली नाहीये अजून. माझ्या चुलत्याचंही असंच होतं, आता दोन पायांवर चालतो. नंबर घेतला. तिसऱ्या दिवशी घरी आला, फी नको काही नको, फक्त पेशंट बघतो म्हणे. चांगले कपडे, बोलणं गोड, आईला मावशी मावशी करत होता, अण्णांच्या पाया पडला.

आणि मग त्याने जे केलं ते नीट वाचा. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि अण्णांच्या तळपायावर टाचेपासून वरपर्यंत जोरात ओढली. अंगठा वर गेला, बोटं फाकली, आख्खा पाय मागे खेचला गेला. "बघा मावशी, नस जिवंत आहे. डॉक्टर म्हणतात संपलं सगळं, मग हे काय आहे?" आई रडायला लागली. अण्णांनी मान उचलून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. ते त्यांचं बघणं मी कधी विसरणार नाही, आणि सगळ्यात जास्त राग मला पैशाचा नाही, त्या बघण्याचा आहे.

तो काय म्हणाला ते सांगते. स्टेम सेलची इंजेक्शनं, चार सिटिंग, प्रत्येकी ६५ हजार, नोंदणीचे २५ हजार वेगळे. मोबाईलवर व्हिडिओ दाखवले, आधी व्हीलचेअरवरचा माणूस आणि नंतर वॉकर धरून चालणारा. (तो माणूस कोण, त्याला मार कुठे लागलेला, पूर्ण की अर्धवट, यातलं एकही आम्ही विचारलं नाही. अर्धवट इजा असलेले बरेच जण आपोआप आणि फिजिओने सुधारतात, हे आम्हाला नंतर कळलं.) सहा महिन्यांच्या आत केलं तरच गुण येतो, आणि आठ दिवसात चारही सिटिंगचे एकदम भरले तर २ लाख ६० हजाराचे २ लाख २० करून देतो. आणि ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना विचारू नका, ते नाहीच म्हणणार, पेशंट हातातून जातो ना त्यांचा. इथेच आम्हाला थांबायला हवं होतं, पण घरात सगळ्यांना हो ऐकायचं होतं. माझा नवरा एकटा म्हणत होता की निदान फिजिओच्या मॅडमना विचारू, तर मीच त्याच्यावर चिडले की तुझे वडील असते तर.

आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. २५ हजार यूपीआयने, मग १ लाख यूपीआयने आणि १ लाख २० हजार रोख. यूपीआय कुठल्या सेंटरच्या नावावर नाही, एका बाईच्या नावावर गेलं, तेही आम्ही पाहिलं आणि सोडून दिलं. पावती म्हणून कोऱ्या कागदावर रक्कम आणि सही.

ते सेंटर म्हणजे पुणे रस्त्याला एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट बंद. अण्णांना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उचलून नेलं. इंग्रजीत आठ पानं सही करून घेतली, फोटो काढू दिला नाही. पांढरा कोट घातलेला एकजण होता, त्याच्या नावाखाली रजिस्ट्रेशन नंबर नव्हता. कमरेत इंजेक्शन दिलं, सलाईन लावली आणि हलायचं नाही सांगून कडक टेबलावर पाच तास उताणं ठेवलं. आम्ही म्हटलं कूस बदलायला लागते हो, तर म्हणे सेल खाली सरकतात. दुसऱ्या सिटिंगला पुन्हा तसंच. आणि वर बॅक्लोफेन आजपासून बंद करा, ती गोळी नसा झोपवते.

बंद केली. एकदम. दोन दिवसांनी रात्री पाय इतके जोरात आखडायला लागले की पलंगावरून खाली येतील, ताप १०३, आणि अण्णा समोर नसलेल्या माणसांशी बोलायला लागले, गड्याला हाका मारत होते. त्याला फोन केला तर म्हणतो अभिनंदन मॅडम, नसा जाग्या होतायत. पहाटे तीन वाजता कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरनी पहिलाच प्रश्न विचारला, कुठली गोळी बंद केली का. बॅक्लोफेन अशी अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं, कमी करायची तर डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू, हे तेव्हा समजलं. कूस वळवली तर माकडहाडावर काळा पडलेला चट्टा. तो नंतर साफ करताना आत खोल जखम निघाली. बेडसोअर. तीन महिने जी गोष्ट टाळायला रात्री जागलो ती दोन दिवसात झाली.

तिसऱ्या सिटिंगच्या तारखेला फोन बंद. बिल्डिंगमधे गेलो तर कुलूप.

पाय हलण्याचं नंतर रिहॅबच्या डॉक्टरनी आम्हाला बसवून समजावलं. मार लागल्यावर पहिले काही आठवडे मज्जारज्जू सुन्न पडतो, पाय लुळे असतात. मग मार लागलेल्या जागेच्या खालचा भाग आपलाआपला चालू होतो, पण मेंदूचा त्याच्यावर ताबा राहिलेला नसतो, म्हणून जरा स्पर्श झाला की पाय उडतो. तळपायावर ओरखडा काढला की अंगठा वर जाणं हे तर बिघाडाचंच लक्षण आहे, डॉक्टर स्वतः तपासताना तेच बघतात. म्हणजे तो जे 'नस जिवंत' म्हणून दाखवत होता ते बरं होण्याचं चिन्ह नव्हतंच. फिजिओच्या मॅडमनी एका वाक्यात सांगितलं, पाय हात लावल्यावर हलतो का नुसतं सांगितल्यावर हलतो ते बघा. डोळे मिटायला लावा, पायाला हात न लावता अंगठा हलवा म्हणा. सांगितल्यावर हलला, एकदाच नाही, परत परत हलला, तर लगेच डॉक्टरकडे जा, ती खरंच चांगली बातमी आहे. आणि या लोकांना हे झटके साधारण कधी सुरू होतात ते पक्कं माहीत असतं, म्हणूनच मेडिकलमधे पहिला प्रश्न 'किती महिने झाले' हा होता.

आणखी एक जे मला आधी माहीत असतं तर पाटल्या वाचल्या असत्या. स्टेम सेलबद्दल आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमधेच, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीतच, करता येतं, आणि ट्रायलमधे पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कोणी मणक्यासाठी स्टेम सेलचं पॅकेज विकतोय, डिस्काउंट देतोय, तिथेच विषय संपला. ट्रायल आहे म्हणाला तर सीटीआरआय (ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा) नंबर मागा, तो नेटवर फुकट तपासता येतो. डॉक्टरचा नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघा. आणि लकवा बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या जादुई उपचारांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, त्या कायद्याच्या यादीत लकवा नावानिशी आहे.

तक्रारीचं सांगते. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, तेव्हा खात्यातले पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. आम्ही दोन महिन्यांनी केला, खातं रिकामं होतं. पोलिसात लेखी दिलंय. जिल्हा ग्राहक आयोगात पण केस टाकली, ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आमच्याकडे दाखवण्यासारखे फक्त १ लाख २५ हजाराचे यूपीआय आहेत, रोख दिलेल्याला त्या कोऱ्या कागदाशिवाय काही नाही.

त्याच पैशात चांगली व्हीलचेअर, हवेची उशी, बाथरूमचं दार रुंद करणं आणि वर्षभराचा फिजिओ झाला असता. आता ते थोडं थोडं करतोय, यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र) कार्ड काढलं, भाऊ गावच्या घराला रॅम्प करतोय. जखम पाच महिन्यांनी अजून रुपयाच्या नाण्याएवढी आहे, ती पूर्ण भरेपर्यंत खुर्चीत बसवायचं नाही सांगितलंय, म्हणून अण्णा दिवसभर कुशीवर आहेत. पायाला झटका आला की अजून मान उचलून बघतात. मी जवळ असले तर चादर नीट करते आणि फिजिओची वेळ झाली म्हणते.

पोलिस म्हणाले की एकट्याच्या तक्रारीपेक्षा अजून दोघं तिघं पुढे आले तर तपासाला जोर येईल. नाशिक, सिन्नर, निफाड, दिंडोरी, कुठेही तुमच्या घरी असा किल्लीवाला येऊन गेला असेल, पैसे दिले असोत वा नसोत, तारीख, नंबर आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट घेऊन जवळच्या पोलिस स्टेशनला लेखी द्या आणि त्याची पोच मागून घ्या.