पाचटापासून ॲक्टिव्हेटेड कार्बन: माझे ३,२७,८०० रुपये असे गेले

वाळवा तालुक्यात आमचा पावणेतीन एकर ऊस आहे. पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचे, पैसे होतील म्हटल्यावर कुठला ऊसवाला ऐकून घेणार नाही? मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालोय, चार जणांना विचारूनच पाऊल टाकलं होतं. तरी नोंदणीचे २१,०००, भट्टीचे २,९५,००० आणि 'नमुना तपासणी'चे ११,८०० असे ३,२७,८०० रुपये गेले. त्यातले १,८०,००० बायकोचं गंठण गहाण ठेवून उभे केलेले.

योजना अशी: पाचट भाजून ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला रंग-घाण शोषून घेणारा कोळसा, करायचा. भट्टी योजनावाल्यांची घ्यायची, माल तेच उचलणार, किलोला ६२ रुपये, ५०० च्या स्टॅम्पवर करार, वर कार्बन क्रेडिटचं, म्हणजे हवेत जाणारा कार्बन वाचवल्याबद्दलच्या पैशांचं, गाजर.

प्रात्यक्षिक आमच्याच रानात झालं. भट्टी म्हणजे एक ड्रम; त्यात आमचं पाचट भरलं, पेटवलं, झाकण लावलं. मग योजनावाल्यांच्या माणसाने ग्लासात शाईचं पाणी घेतलं, त्यात काळे दाणे टाकून दहा-पंधरा मिनिटं हलवत बसला. पाणी नितळ. पण ते दाणे ड्रममधले नव्हतेच! "आपला माल अजून गरम आहे" म्हणत त्याने गाडीच्या डिकीतून डबा आणला होता. आण्णांनी एक दाणा अंगठ्याखाली दाबून बघितला. फुटेना. म्हणाले, "ह्यो पाचटाचा न्हाई. करवंटीचा हाय." आणि मी सगळ्यांदेखत त्यांना म्हणालो, "आण्णा, तुम्हाला यातलं कळत नाही." पाचटाचा कोळसा चिमटीत धरला तरी भुगा होतो, हे मला लहानपणापासून माहीत. अजूनही रात्री तेच आठवतं.

हवा तोडून ४००-५०० अंशांवर भाजलं की होतो तो साधा कोळसा, फार तर बायोचार, म्हणजे मातीत मिसळायचा कोळसा. त्याचा ॲक्टिव्हेटेड कार्बन करायला ८०० अंशांच्या वर वाफ सोडावी लागते, नाहीतर फॉस्फोरिक ॲसिडसारखं रसायन आधी मुरवावं लागतं. तेव्हा कुठे आत बारीक छिद्रं पडतात. त्या भट्टीला वाफेची नळीच नव्हती. भट्टी दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. टनाला अर्धा टन माल निघेल म्हणाला, तर तिथूनच उठा. वाळलेल्या पाचटाचा पाव हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ.

पाच टन पाचट जाळून ४६ पोती भरली, १,१५० किलो. त्यांनी एकही उचललं नाही. करारात बारीक अक्षरात 'आयोडीन नंबर किमान ९००, राख कमाल ५ टक्के' असं होतं; आयोडीन नंबर म्हणजे कोळसा किती शोषून घेतो त्याचं माप. मी स्वतः प्रयोगशाळेत तपासून घेतलं: आयोडीन नंबर १८०, राख ३१ टक्के. उसाच्या पानात सिलिका असते, राख होणारच. ती अट पाचटाला पाळता येणारच नव्हती, आणि हे त्यांना भट्टी विकतानाच माहीत होतं. म्हणूनच मी याला धंद्यातला तोटा म्हणत नाही, फसवणूक म्हणतो.

पोलीस ठाण्यात मात्र उत्तर मिळालं, "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." पाच वेळा गेलो. एकदा साहेब बंदोबस्ताला, एकदा अर्जच सापडेना. एकाने विचारलं, "शिकलेले दिसता, मग सही कशी केली?" म्हणजे चोर मीच! बँकेने सांगितलं, आरटीजीएस तुम्हीच केलंत. दुसऱ्या कार्यालयाने परत त्याच ठाण्याकडे पाठवलं. एकानेही करार शेवटपर्यंत वाचला नाही. शेवटी वकिलांनी वाट दाखवली: ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार द्या, आणि पोच जपून ठेवा. ग्राहक आयोगात 'व्यावसायिक खरेदी' म्हणून अडवतील, तेव्हा यंत्र स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलं हे अर्जात स्पष्ट लिहा.

रोख देऊ नका. करार सही करण्याआधी घरी आणून वाचा. नमुना तुमच्या ड्रममधला, तुमच्या देखत सील केलेला हवा.

रजिस्टर पोस्टाची पोच आली, उत्तर नाही. पलूस, कडेगाव, कराड भागात कुणी असा ड्रम घेतला असेल तर लाजून गप्प बसू नका. करार आणि पावत्या काढून ठेवा, मला तुमच्यासोबत तक्रार द्यायची आहे.