थंड गाडी चालू करून दाखवली आणि मी पैसे देऊन बसले

आमची 2008 ची पेट्रोल गाडी बाबांची. ते गेल्यावर विकायला मन होईना, म्हणून मीच चालवते. मागच्या उन्हाळ्यात आईला घेऊन पुण्याहून कराडला निघाले होते. खंबाटकी घाट चढून खाली उतरलो, चहाला थांबलो, वीस मिनिटांनी चावी फिरवली तर सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडतच नाही. तासभर भर उन्हात आई गाडीत बसून. मग गाडी आपोआप चालू झाली.

पुण्यात परतल्यावर घराजवळच्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॉनेटही नीट न उघडता सांगितलं, "ताई, पेट्रोल पंप गेलाय." 7,200 रुपये. संध्याकाळी घ्यायला गेले तर एका सेल्फमध्ये चालू. होणारच ना! दिवसभर थंड पडलेली गाडी होती ती. हा बिघाड गरम इंजिनातच येतो, त्यामुळे थंड गाडीवर केलेलं कोणतंही काम यशस्वीच दिसतं. माझी फसवणूक नेमकी इथे झाली. आठवड्यात पुन्हा तेच. आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर खराब, रिपेअर करून आणतो, 8,500. तेही दिले. परत संध्याकाळी, परत थंड गाडी.

तिसऱ्यांदा बंद पडली ती साताऱ्यात. तिथले एक वयस्कर मेकॅनिक काका आले. त्यांनी मला नुसती चावी ऑन करायला लावली आणि मागच्या सीटला कान लावला. दोन सेकंद घूं असा आवाज आला. "पंपाला करंट येतोय, पंप फिरतोय," म्हणाले. मग स्कॅनर लावून सेल्फ मारायला सांगितला. इंजिन फिरत असूनही स्कॅनरवर आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, शून्य! दोष क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणाऱ्या सेन्सरचा. त्यांनी समजावलं ते असं: गाडी बंद केली की इंजिन गार ठेवणारं पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ उलट वाढते. जुन्या सेन्सरच्या आतल्या तारेचा जोड त्या उष्णतेत तुटतो. इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळत नाही, मग स्पार्कही नाही आणि पेट्रोलही नाही. निवलं की सगळं जागच्या जागी. गार पाण्यात भिजवलेलं फडकं त्यांनी सेन्सरवर धरलं, पाचेक मिनिटांत गाडी चालू. सेन्सर आणि मजुरी मिळून 1,450 रुपये. हाच सेन्सर चालत्या गाडीतही दगा देऊ शकतो, हे ऐकून घाटातली आई आठवली आणि अंगावर काटा आला.

मी म्हटलं, काका, पंप तर नवाच आहे. त्यांनी मागची सीट उचलली. टाकीवरच्या झाकणावर धुळीचा थर होता, कुठे बोटाचा ठसाही नाही. स्क्रूची डोकी गंजाने भरलेली, पान्याचा एक ओरखडा नाही. पंप कधी उघडलेलाच नव्हता. "हा तुमचा जुना पंप" म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेला डिकीत होता. काकांनी झाकण काढून ताडून पाहिलं, तर त्याचं सॉकेटच वेगळं. दुसऱ्याच गाडीचा.

तुमचीही गाडी गरम झाल्यावर चालू होत नसेल तर आधी नीट पाहा. सेल्फच हळू फिरतो की नुसता टक् आवाज येतो? मग बॅटरी, अर्थिंग किंवा सेल्फ मोटर. पेट्रोलचा वास येतो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पकडते? मग इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर तपासायला लावा. आणि काम कोणतंही सांगोत, पैसे देण्याआधी मेकॅनिकला शेजारी बसवून पंधरा किलोमीटर फिरवा, बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि त्याच्यासमोर चावी फिरवा. पार्ट बदलताना समोर उभे राहा.

मी पहिल्या गॅरेजवर गेले तेव्हा तो म्हणाला, "बिल दाखवा." माझ्याकडे कोऱ्या कागदावर लिहिलेले दोन आकडे होते, गॅरेजचं नावसुद्धा नाही. नशीब, पैसे यूपीआयने दिले होते. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. साताऱ्याच्या काकांनी सीट उचलल्यावर झाकणाचे जे फोटो काढले, ते आणि वर्तमानपत्रातला तो पंप त्यासाठीच जपून ठेवलाय.