हार्डीप्रेमींचा एक दिवस: गाण्यासाठी जा, भाषण चुकलं तरी चालेल

इंग्लंडमधल्या डोर्सेटमधे थॉमस हार्डी या इंग्लिश कादंबरीकाराच्या चाहत्यांची एक मंडळी आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे थोडी कुरकुर पण आहे. त्यांच्या दिवसभराच्या प्रोग्रॅमला जाऊन आले, मेंबर नसलात तरी तिकीट काढून जाता येतं.

सकाळचं भाषण आधी उरकून टाकते. हार्डीच्या काळातले कपडे असा विषय होता, वक्त्यांनी तासभर स्लाइड्स वाचून दाखवल्या आणि समोर माईक असूनही कोणी तो चालू केला नाही. माझ्या शेजारच्या आजी आल्या आल्या विणकाम काढून बसल्या होत्या, त्यांना अनुभव असणार.

मग डोर्चेस्टरहून सगळे चालत स्टिन्सफर्डच्या चर्चला गेलो आणि तिथे दिवस एकदम बदलला. हार्डीची राख लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे पण हृदय इथे, पहिल्या बायकोच्या थडग्यात पुरलंय, हे ऐकून होते. मला नवीन होतं ते म्हणजे त्याचे आजोबा, वडील आणि काका याच चर्चमधे वाजवायचे, आजोबा बास व्हायोल (चेलोसारखं मोठं तंतुवाद्य) आणि बाकी दोघं व्हायोलिन. हार्डी जन्मला १८४० मधे आणि तो अगदी तान्हा होता तेव्हाच हा ताफा मोडला, म्हणजे त्याच्या 'अंडर द ग्रीनवुड ट्री' कादंबरीत चर्चमधे वाजवणारे ते सगळे बाप्ये इतके डोळ्यासमोर उभे राहतात ते घरच्यांनी सांगितलेल्या आठवणींवर! कादंबरीत ऑर्गन येतो आणि यांना गाशा गुंडाळावा लागतो, आपल्याकडे पेटी आली आणि सारंगी मागे पडली तसंच काहीसं.

आणि त्या दिवशी चर्चमधे वादकांनी वाजवलं काय सुंदर. तीन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक चेलो आणि ते सर्पेंट नावाचं सापासारखं वळणावळणाचं काळं वाद्य, ज्याचा आवाज पहिल्यांदा ऐकून मला हसूच फुटलं पण दोन मिनिटांनी त्याच्याशिवाय गाणं पोकळ वाटायला लागलं. गाताना एक आवाज सुरू करतो, मग दुसरा मागून येऊन तीच ओळ धरतो, मग तिसरा, शब्द सगळे एकमेकांवर चढतात आणि शेवटी बरोब्बर एकत्र येऊन थांबतात. शब्दांचे कागद मात्र अर्ध्याच लोकांना पुरले, आम्ही चौघं एका कागदावर.

ब्रेकमधे एका फिडलवाल्या काकांनी त्यांची हाताने शिवलेली वही दाखवली. पुढून उघडली तर स्तोत्रं, उलटी करून मागून उघडली तर नाचाच्या चाली. जुने लोक अशाच वह्या ठेवायचे आणि मधे कुठेतरी देवाचं आणि नाचाचं एकमेकांना भेटायचं, हार्डीने कादंबरीच्या प्रस्तावनेत लिहिलंय म्हणे. मी घरी येऊन पाहिलं, खरंच आहे, मी मेली प्रस्तावना दोन्ही वेळा गाळून वाचलेलं.

चहा कोमट, केक छान. एक स्टार कापलाय तो भाषणाचा आणि कागदांचा मिळून.

संध्याकाळी हॉलमधे वहीच्या मागच्या बाजूच्या चाली झाल्या, म्हणजे नाच. स्टेप्स कोणी नीट समजावत नाही, चुकलात की समोरचा माणूस कोपराला धरून योग्य जागी नेऊन उभा करतो. मला त्या विणकामवाल्या आजींनी सहा वेळा नेलं.