तोनां आणि इम्प्लॅकेबल : दोन जिंकलेल्या जहाजांची कारकीर्द

शत्रूकडून जिंकलेले जहाज दुरुस्त करून आपल्याच ताफ्यात लढवण्याची रीत ब्रिटिश नौदलाने नेपोलियनच्या काळात सर्रास पाळली. त्यांतील 80 तोफांचे ‘तोनां’ आणि 74 तोफांचे ‘इम्प्लॅकेबल’ शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत.

1798 मध्ये नाईलच्या लढाईत दोन्ही पाय आणि एक हात गमावलेल्या फ्रेंच कप्तान द्युपेती-थुआर यांनी कोंड्याच्या पिंपात बसून अखेरपर्यंत हुकूम दिल्यावरच ‘तोनां’ ब्रिटिशांच्या हाती लागले. फ्रेंच नाव कायम ठेवून त्यांनी ते 1805 मध्ये स्पेनजवळच्या ट्राफल्गारच्या लढाईत उतरवले आणि तेथे त्याने ‘अल्जेसिरास’ हे फ्रेंच जहाज नमवले.

‘इम्प्लॅकेबल’, म्हणजे पूर्वीचे ‘द्युगे-त्रुआं’, त्याच लढाईत फ्रेंचांच्या बाजूने होते. तेथून निसटून दोन आठवड्यांत स्पेनच्या ऑर्तेगाल भूशिराजवळ पकडले गेले. पुढे बाल्टिकमध्ये रशियनांशी लढून ते 1855 पासून प्रशिक्षण-जहाज झाले. नंतरच्या काळात मुंबईत वाडियांनी बांधलेले ‘त्रिंकोमाली’ त्याच्या सोबतीला होते, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

पराक्रमात मी ‘तोनां’ला निःसंशय वरचढ मानतो, तरी ते 1821 मध्ये मोडीत निघाले. ‘इम्प्लॅकेबल’ मात्र 1949 पर्यंत तरले आणि दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून दोन्ही देशांचे झेंडे फडकवत इंग्लिश खाडीत बुडवले गेले. हा निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो. त्याचा नक्षीदार पिछाडीचा भाग ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे.