मल्टिक्स आणि युनिक्स: साधेपणाचे पारडे
मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला (संगणकाचा सगळा कारभार चालवणाऱ्या प्रणालीला) अपयशी ठरवून तिच्यानंतर आलेल्या युनिक्सचे कौतुक करण्याची पद्धत मला अन्यायाची वाटते. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांच्या मल्टिक्स प्रकल्पाने फाइल आणि मेमरी यांतला भेदच पुसून टाकला होता. काम मात्र लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतले.

त्याच वर्षी बेल लॅब्जमधल्याच केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची सुरुवात केली आणि डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. डिरेक्टरींची, म्हणजे फाइली ठेवायच्या कप्प्यांची, उतरंड त्यांनी मल्टिक्सकडून घेतली, पण फाइल म्हणजे केवळ बाइटची सलग रांग, एवढेच ठरवले. या एका निर्णयाचे फळ १९७३ मध्ये आलेल्या पाइपमध्ये, म्हणजे एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीला पुरवणाऱ्या सोयीत, दिसते. ‘एलएस’ ही आज्ञा नावांची यादी देते, ‘डब्ल्यूसी’ ओळी मोजते, दोघींना एकमेकींचा पत्ताही नसतो. तरी मध्ये एक उभी रेघ ओढली की डिरेक्टरीत किती फाइली आहेत ते कळते.

सुरक्षेत मल्टिक्सच सरस होती, हे निःसंकोच सांगितले पाहिजे, कारण युनिक्समध्ये सगळी सत्ता ‘रूट’ या एकाच वापरकर्त्याच्या हाती एकवटते. तरीही माझे मत युनिक्सकडे झुकते. तिच्या सहाव्या आवृत्तीचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जेमतेम नऊ हजार ओळींचे होते; ते एकट्या विद्यार्थ्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून समजून घेता येत असे.