घडीचे जाळीदार कुंपण: नोकरीच्या वेळेत पिल्लाला घरी ठेवतानाचा काही महिन्यांचा अनुभव

आठ पॅनेलचे, लोखंडी तारांचे आणि घडी घालून भिंतीला टेकवून ठेवता येणारे हे कुंपण आम्ही कुत्र्याचे पिल्लू घरी येण्यापूर्वीच आणून ठेवले होते. पिल्लू आठ आठवड्यांचे होते तेव्हापासून त्याचे दुधाचे दात पडून कायमचे दात येईपर्यंत, कामाच्या प्रत्येक दिवशी हे कुंपण वापरात राहिले. वस्तू म्हणून ते चांगले आहे आणि गरज पडल्यास मी ते पुन्हा घेईन. मात्र त्याच्याकडून कोणती अपेक्षा धरावी आणि कोणती धरू नये, हे घेण्याआधीच स्पष्ट असले पाहिजे. कुंपण पिल्लाला विजेच्या वायरींपासून, खाली पडलेल्या औषधाच्या गोळीपासून आणि कुंडीतल्या विषारी पानांपासून लांब ठेवते. त्याच्या एकटेपणाचा एक तासही ते कमी करत नाही.

या वस्तूच्या विक्रीच्या वर्णनांत ‘आता निश्चिंतपणे कामावर जा’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा असतेच, आणि मला ते गैर वाटते. पिल्लाला लघवी किती वेळ धरवते याचा सर्वसाधारण अंदाज त्याच्या वयाच्या महिन्यांत एक मिळवून काढतात. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास, तीन महिन्यांच्या पिल्लाला फार तर चार तास. हीसुद्धा वरची मर्यादा आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला लगेच जावे लागते, मग आधीची फेरी अर्ध्या तासापूर्वीच झालेली असो. शिवाय या वयात दिवसातून तीन ते चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे लागते, आणि अगदी लहान चणीच्या जातींच्या पिल्लांमध्ये जेवण लांबल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. प्रवास धरून नऊ-दहा तास घराबाहेर राहणाऱ्या माणसाने हे आकडे समोर ठेवले, तर कोणतेही कुंपण एकट्याने हा प्रश्न सोडवू शकत नाही हे लगेच लक्षात येते. मोठ्या कुत्र्यालासुद्धा सलग चार तासांपेक्षा जास्त वेळ एकटे ठेवू नये, असे ब्रिटनमधील प्राणीकल्याण संस्था सांगतात. पिल्लाची गोष्ट त्याहून नाजूक आहे.

म्हणून आमच्याकडे आधी माणसांची व्यवस्था झाली आणि मग कुंपणाची. सुरुवातीचे आठवडे आम्ही दोघांनी आलटून पालटून रजा घेतली. त्यानंतर माझे पती उशिरा निघू लागले, मी लवकर परतू लागले, आणि मधल्या वेळात शेजारच्या काकू येऊन पिल्लाला बाहेर नेऊन आणत, खायला घालत आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसत. कुंपणाने खरी मदत केली ती घरात कोणी नसण्याच्या मधल्या काळात. काकूंनाही त्याचा उपयोग झाला, कारण दार उघडताच पिल्लू जिन्याकडे धावेल ही धास्ती त्यांना उरली नाही.

बांधणीविषयी. पॅनेल साधारण पाऊण मीटर उंच आहेत आणि उभ्या सळया शेजारच्या पॅनेलच्या कड्यांतून खाली सरकवून ती जोडायची असतात. जोडणीला कोणतेही अवजार लागत नाही. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या आहेत, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते; एकाच कडीच्या दाराचा खालचा कोपरा पिल्लू नाकाने रेटून वाकवते आणि त्या फटीत त्याचे डोके अडकू शकते. तारांमधले अंतर आमच्या मध्यम चणीच्या पिल्लाला योग्य होते, परंतु अगदी लहान जातीचे पिल्लू आठव्या आठवड्यात त्यातून सहज बाहेर येईल किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अर्धवट बाहेर येऊन अडकेल. विकत घेताना उंचीपेक्षा हे अंतर आधी पाहावे. गुळगुळीत फरशीवर संपूर्ण कुंपण सरकते, हा याचा सर्वांत मोठा दोष आहे. पिल्लाने दोन्ही पाय टेकून रेटा दिला की घेर हळूहळू पुढे जातो आणि जी वायर पिल्लाच्या आवाक्याबाहेर ठेवली होती ती तोंडापाशी येते. आम्ही त्याच्या दोन बाजू खोलीच्या कोपऱ्यात भिंतींना टेकवल्या, खाली रबरी चटई पसरली आणि टोकाचे पॅनेल जड कपाटाच्या पायाला बांधले. त्यानंतर सरकणे थांबले. पॅकेटमध्ये जमिनीत रोवायच्या खुंट्या येतात, पण त्या फक्त मातीत चालतात.

आत काय ठेवावे यापेक्षा काय ठेवू नये, हे अधिक जपावे लागते. गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) काढूनच पिल्लाला आत सोडावे, कारण तारेत पट्टा अडकून गळफास बसण्याचा धोका खरा आहे. कापसाने भरलेल्या मऊ गाद्या पिल्लू फाडते, आणि गिळलेले कापड किंवा कापूस आतड्यात अडकला तर प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे पहिले काही महिने आम्ही एकपदरी जुने पांघरूणच अंथरले आणि त्याच्या कडा रोज तपासल्या. पाण्याचे भांडे तारेला अडकवता येईल असे घ्यावे. लघवी शोषणारे पॅड मोकळे टाकल्यास त्यांच्या चिंध्या होतात, म्हणून वर जाळी असलेला ट्रे वापरणे सोयीचे जाते. तो झोपण्याच्या जागेच्या समोरच्या टोकाला असावा, कारण जागा पुरेशी असेल तर पिल्लू स्वतःहून अंथरुणापासून दूर जाते. याच कारणासाठी दिवसाच्या लांब वेळेकरिता बंद पिंजऱ्यापेक्षा मी कुंपणाच्या बाजूने आहे. पिंजरा उभे राहणे, वळणे आणि पसरून झोपणे एवढ्यापुरताच मोठा असतो, आणि त्यात वेळेवर कोणी आले नाही तर पिल्लाला स्वतःच्याच घाणीत बसावे लागते. एकदा अंथरुणातच लघवी करण्याची सवय जडली की पुढचे शिकवणे फार अवघड होते. पॅडचाही एक तोटा आहे, तो लपवू नये: पिल्लू पायाखालच्या पृष्ठभागाची सवय लहानपणीच लावून घेते, त्यामुळे पॅडवर शिकलेल्या पिल्लाला पुढे माती आणि गवत यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. ज्यांच्याकडे दर दोन तासांनी कोणी येऊ शकते त्यांनी पॅड वापरूच नये, असे मी म्हणेन. फरशीवर ओल झालीच तर अमोनिया असलेल्या द्रवाने पुसू नये, कारण तो वास लघवीसारखाच असतो आणि पिल्लू पुन्हा तिथेच जाते. दुर्गंधी मोडणारे एन्झाइमयुक्त द्रव त्यासाठी योग्य.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे या घेरात राहायला पिल्लाला शिकवणे. कुंपण उभे केले, पिल्लाला आत ठेवले आणि निघून गेले, असे करू नये. पहिले काही दिवस दार उघडेच ठेवून आम्ही पिल्लाचे प्रत्येक जेवण आत दिले, खेळून दमलेले पिल्लू उचलून तिथेच झोपवले आणि स्वतः कुंपणाला टेकून वाचत बसलो. मग दार लावून तिथेच बसलो, नंतर खोलीतच थोडे लांब, मग दुसऱ्या खोलीत, आणि पिल्लू कण्हू लागण्याच्या आधी परत येण्याचा नियम कसोशीने पाळला. आई आणि भावंडांच्या उबेत झोपलेल्या जिवाला अचानक एकटेपणा येतो, तेव्हा त्याचे ओरडणे हा हट्ट नसतो. ‘रडू द्या, रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला अनेक जण प्रेमानेच देतात, पण तो मला मान्य नाही. गप्प झालेले पिल्लू शांत झालेले असतेच असे नाही; कित्येकदा ते केवळ थकलेले असते, आणि त्या घेराशी जोडली गेलेली भीती त्याच्या मनात राहून जाते. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ कुत्र्याच्या स्वभावाला वळण लावणारा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रदीर्घ अभ्यासाने हा संवेदनशील काळ ठळकपणे मांडला, आणि पिल्लू आपल्या घरी येते ते नेमके याच काळाच्या मध्यावर. या आठवड्यांत एकटे राहणे म्हणजे थोडा वेळ, पोटभर आणि सुरक्षित राहणे, असा अनुभव त्याला मिळाला तर पुढची कित्येक वर्षे सोपी जातात.

कुंपणासोबत एक साधा कॅमेरा लावावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्याच्याशिवाय आपण फक्त परतल्यावरचे दृश्य पाहतो. विभक्तपणाच्या चिंतेची, म्हणजे एकटे राहण्याच्या तीव्र भीतीची, लक्षणे बहुधा आपण निघाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातच दिसतात: सतत येरझाऱ्या, लाळ गळणे, दाराच्या दिशेने पंजे मारणे, खाऊ समोर असूनही त्याला तोंड न लावणे. आमच्या पिल्लाने चाटण्याच्या खेळण्यातले अन्न संपवले आणि काही वेळ कुंपणाची जाळी चावून ते झोपी गेले, हे पाहिल्यावरच आम्ही वेळ वाढवली. पिल्ले दिवसाचे अठरा ते वीस तास झोपतात, त्यामुळे चांगला दिवस पडद्यावर अतिशय कंटाळवाणा दिसतो आणि तसाच तो दिसायला हवा. कॅमेऱ्यातून बोलण्याची सोय आम्ही बंदच ठेवली. माणूस दिसत नसताना त्याचा आवाज ऐकून पिल्लू दचकून उठे आणि शोधत फिरे, आणि त्यात त्याचे काहीच भले नव्हते.

चौथ्या महिन्याच्या सुमारास कुंपणाची खरी परीक्षा सुरू झाली. दुधाचे अठ्ठावीस दात पडून त्यांच्या जागी बेचाळीस दात येण्याचा हा काळ असतो, आणि हिरड्यांची ठसठस शमवण्यासाठी पिल्लू समोर येईल ते चावते. तारांवरचा रंगाचा लेप दाराजवळ निघाला आणि ट्रेच्या बाजूचा खालचा दांडा लघवीच्या ओलीने गंजला. गंजलेला भाग घासून, बिनविषारी रंग लावून पूर्ण वाळल्यावरच तो पुन्हा वापरता येतो, आणि तेवढे दिवस ते पॅनेल काढून घेर लहान करावा लागतो. उत्पादकाने खालचा दांडा स्टेनलेस स्टीलचा दिला असता तर ही तक्रार उरली नसती. चावण्यासाठी गारेगार केलेले रबरी खेळणे दिल्यावर जाळीवरचा हल्ला बराच कमी झाला. उंची मात्र याच सुमारास अपुरी पडू लागली. पिल्लाने पुढचे पाय वरच्या दांड्यावर टाकायला सुरुवात केली की त्याला एकटे असताना कुंपणात ठेवणे थांबवावे, कारण उडी अर्धवट जमली तर पोट किंवा पाय तारेवर अडकतो. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी म्हणूनच एक मीटरच्या आसपास उंचीचे कुंपण घ्यावे. वर झाकण बांधण्याचा उपाय मी करणार नाही; हवा कोंडते आणि उडी मारणारे पिल्लू त्यावर आदळते.

आम्ही घेर एकदम काढला नाही. दोन पॅनेल कमी करून त्याच कुंपणाने खोलीचे दार अडवले आणि पिल्लाला वायरी, औषधे आणि चपला हलवलेली संपूर्ण खोली दिली. काकूंची मधली फेरी आजही चालू आहे आणि ती बंद करण्याचा विचार नाही.

हे कुंपण जुने विकत घेणाऱ्यांसाठी, किंवा वापरून झाल्यावर दुसऱ्याला देणाऱ्यांसाठी, एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू वातावरणात कित्येक महिने, अनुकूल स्थितीत वर्षभरसुद्धा टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. पिल्लाची लसीकरणाची मालिका साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते, म्हणजे कुंपण सर्वांत जास्त लागते त्याच काळात त्याचे संरक्षण अपुरे असते. तेव्हा पॅनेल आधी घासून, मळ पूर्ण काढून, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने किमान दहा मिनिटे ओले ठेवावेत, स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि उन्हात वाळवावेत. कापडी कुंपण असेल तर ते जुने घेऊच नये, कारण शिवणीत शिरलेली घाण अशी निघत नाही.